रंभेचा हवालदार

कोल्हापुरात कुणाच्या घरी गेलो आणि मी पोलिसात आहे असं सांगितलं, की समोरचा माणूस जरा सावरून बसायचा. पण पोलिस-कुत्र्याचा हवालदार आहे म्हटलं, की तोच माणूस खुर्ची पुढं ओढायचा आणि विचारायचा, "व्हय काय? मग त्येला मटण रोज घालतासा?"

नोकरीतली सतरा वर्षं मी श्वानपथकात काढली. त्या काळात एक गोष्ट पक्की कळली. लोकांचा खाकीवर फारसा भरवसा नव्हता, पण खाकीच्या हातातल्या दोरीला जे जनावर बांधलेलं असायचं त्याच्यावर डोळे झाकून होता. कारणही ते तोंडावर सांगायचे. कुत्रं खात न्हाय. मटण खातं, पण ते वेगळं. कुत्र्याला पाहुणा नसतो, भावकी नसते, पुढाऱ्याचा फोन येत नाही. मी हे ऐकून हसायचो. राग आला तरी करणार काय? आमच्यातल्याच काही जणांनी लोकांना हे शिकवलं होतं.

रंभा माझ्याकडे आली ती नव्वदीच्या सुरुवातीला. डॉबरमन जातीची, काळीभोर, डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके. पुण्याला आम्हा दोघांचं प्रशिक्षण बरोबरच झालं. शेवटच्या परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास झाली, मला दुसऱ्यांदा बसावं लागलं. तिला खायला मीच घालायचं, फिरवायला मीच न्यायचं, आजारी पडली तर जागायचंही मीच. आमची मंडळी म्हणायची, "पोरांच्या शाळेचं नाव इचारलं तर सांगता येत न्हाय, पण त्या कुत्रीला कंच्या दातानं चावता येत न्हाय त्ये ठावं हाय." यात खोटं काही नव्हतं.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामाबद्दल एकच गोष्ट समजली पाहिजे. कुत्र्याला चोर कळत नाही, वास कळतो. चोरानं मागं टाकलेली एखादी वस्तू तिला हुंगायला द्यायची आणि विचारायचं, हा वास कुठं गेला? ती दोरी ताणत निघते आणि वास जिथं संपेल तिथं बसून भुंकते. त्या वासाचा माणूस चोर आहे, पाहुणा आहे की घरचा मालक आहे, हे तिला ठाऊक नसतं. ते आम्ही शोधायचं. वासाचे वैरीही पुष्कळ. ऊन, पाणी, पेट्रोल आणि सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे गर्दी. चोरी झाली की आम्ही पोचायच्या आत अख्खं गाव त्या खोलीतून फिरून आलेलं असायचं. काही ठिकाणी तर घरच्या बाईनं साहेब लोक येणार म्हणून शेणानं सारवून, वर रांगोळी काढून ठेवलेली असायची. अशा लख्ख जमिनीवर रंभा बिचारी माझ्याकडे बघत राहायची.

गिऱ्हाइकं मात्र एकाहून एक. गडमुडशिंगीतल्या एका म्हातारीची कोंबडी हरवली होती. आम्ही गावात वेगळ्याच कामाला गेलो होतो, तर ती हातात एक पीस घेऊन आडवी आली आणि कुत्रीला हुंगवा म्हणून अडूनच बसली. हातकणंगल्याकडच्या एका शेतकऱ्याला त्याच्या म्हशीवर करणी कुणी केली ते रंभेकडून हवं होतं. एका गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, मुलीला बघायला येणारा मुलगा दारू पितो की नाही हे कुत्र्याला सांगता येईल का. मी म्हटलं, गुरुजी, त्याला कुत्रं कशाला? एखाद्या संध्याकाळी न सांगता जाऊन बसा. ते गेले असावेत, कारण पुढं ते लग्न झालं नाही.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नेहमीच नव्हतं. पहिल्याच वर्षी एका गावात, नाव सांगत नाही, रंभा गर्दीतल्या एका दूधवाल्यासमोर थांबली आणि भुंकली. ती का थांबली ते मला तेव्हाच कळलं होतं. त्यानं घाबरून हात उगारला होता. वासबीस काही नव्हता. पण गाव "सापडला, सापडला" करत त्याच्या अंगावर गेलं. कुणी माझी पाठ थोपटली. मी नवीन होतो, आणि पाठ थोपटून घेणं बरं वाटत होतं. मी गप्प राहिलो. फौजदारांनी त्याला गर्दीतून ओढून काढलं आणि दोन दिवसांत खरा चोर सापडलाही. पण त्या दूधवाल्याच्या हातचं दूध पुन्हा कुणी घेतलं नाही. वर्षभरानं मी त्याला भेटायला म्हणून गेलो, तर तो घरदार आवरून इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला होता. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी हुपरीच्या बाजूच्या एका खेड्यातून बोलावणं आलं. त्या भागात घरोघर चांदीचे पैंजण बनतात. बाबूराव माने म्हणून एक कारखानदार होते. कारखाना म्हणजे राहत्या घराच्या मागच्या दोन खोल्या, सहा-सात कामगार आणि एक भट्टी. रात्रीत मागच्या खिडकीचे गज वाकवून कुणीतरी तयार पैंजणांचा डबा नेला होता. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात जत्रा भरली होती.

त्या जत्रेचे पुढारी होते दिनकरतात्या. पिठाच्या गिरणीचे मालक, धोतर, खांद्यावर टॉवेल आणि गिरणीच्या आवाजावर ओरडून ओरडून तयार झालेला गळा. त्यांनी रंभेला वाकून नमस्कार केला. मला म्हणाले, "हवालदार, तुमी फकस्त दोरी धरा. बाकीचं ती बघंल."

खोलीत फिरून मी हुंगवायला काही मिळतं का पाहिलं. खिडकीखाली एक निळ्या चौकड्यांचं फडकं पडलं होतं. चोराचंच असणार असं मानेही म्हणाले, मलाही वाटलं. मी ते उचललं आणि रंभेला दिलं. तिनं दोनदा नाक फिरवलं आणि सुटली. गल्लीतून, देवळाच्या मागून, ओढ्यावरच्या फरशी-पुलावरून थेट बौद्धवाड्यात. मागं दोनशे माणूस. विहाराच्या शेजारच्या एका घरासमोर ती बसली आणि भुंकू लागली.

दार उघडून भीमराव कांबळे बाहेर आला. चाळिशीचा माणूस, अर्ध्या गालाला साबण, हातात दाढीचं सामान. तो मान्यांच्याच कारखान्यात पंधरा वर्षं पैंजणाच्या कड्या जोडायचं काम करत होता. गर्दी बघून त्याला काही उलगडेना. मागून आरडाओरडा सुरू झाला. घरचाच भेदी निघाला, म्हणून कुणी म्हणालं. कुणी याहून वाईट बोललं, ते लिहीत नाही. दोघेतिघे तरणे गडी पुढं सरले, तेवढ्यात भीमरावची आई आतून आली आणि लेकाच्या पुढं उभी राहिली. सत्तरीची बाई. तिनं दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले.

फौजदार नवे होते. त्यांनी भीमरावला जीपमध्ये घ्यायला सांगितलं. मी जवळ गेलो आणि हातातलं फडकं त्याला दाखवून विचारलं की हे कुणाचं.

तो म्हणाला, "माझंच की. हात पुसायचं फडकं हाय. रोज खिडकीला अडकवून येतोय."

रंभेनं अगदी खरं सांगितलं होतं. ज्याचं फडकं, त्याचं घर. गज वाकवताना खिडकीवरचं फडकं खाली पडलं, ते मी उचललं. चुकलो होतो मी. आणि तो दूधवाला डोळ्यांपुढं आला. त्याचा उगारलेला हात आला.

मी फौजदारांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, आता गर्दीपुढं काही बोलू नका, ह्याला ठाण्यात नेऊ, चौकशी करू, संध्याकाळी सोडू. त्यांच्या परीनं ते बरोबर होतं, गर्दी बिथरली असती. पण त्या गावात भीमराव जीपमध्ये बसला असता तर तो संध्याकाळी सुटला काय आणि न सुटला काय, जन्मभराचा चोर झाला असता. मी म्हटलं, साहेब, मला पाच मिनिटं द्या. आणि विहाराच्या कट्ट्यावर चढलो.

आयुष्यात भाषण असं ते एकच. मी सांगितलं की हे फडकं ह्या माणसाच्या कामाचं आहे, ते चोराचं नाही. मी चुकीची वस्तू हुंगवली. कुत्री बरोबर आहे, हवालदार चुकलाय.

मग मागून कुणीतरी ठसक्यात विचारलं, "किती दिलं रं कांबळ्यानं?"

आणि सगळं गाव हसलं. मुख्य म्हणजे, त्यांनी ते खरंच मानलं. खोटं बोलून माणूस आत घातला असता तर मी हुशार ठरलो असतो. खरं बोललो तर मी खाल्लेलं होतं. दिनकरतात्यांनी गळा काढला, की मुकं जनावर खरं बोलतंय आणि ह्यो बोलका माणूस झाकतोय.

आता शब्दानं काम होणार नव्हतं. मी कट्ट्यावरून उतरलो आणि तात्यांकडे त्यांचा टॉवेल मागितला. ते चपापले, पण दोनशे माणसांसमोर नाही कसं म्हणणार? टॉवेल घेऊन मी त्यांना सांगितलं, तुम्ही गावात कुठंही जाऊन लपा, वाटेल त्या वाटेनं जा, दहा मिनिटांनी मी कुत्री सोडतो. तात्या गेले. रंभेला मी पाणी पाजलं. भीमरावच्या आईनंच तांब्या आणून दिला.

दहा मिनिटांनी टॉवेल हुंगवला आणि निघालो. रंभा आधी देवळाला वळसा घालून आली, मग एका गोठ्यात शिरली, तिथून मागच्या बाजूनं बाहेर, एका परसातून, तुळशीकट्ट्याच्या कडेनं. तात्यांनी फसवायला चांगलीच वाट काढली होती. शेवटी ती गिरणीत शिरली आणि जोंधळ्याच्या पोत्यांच्या थप्पीसमोर बसून भुंकू लागली. पोत्यांच्या मागून तात्या उठले. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे, मिशासुद्धा. गाव पोट धरून हसायला लागलं.

मी गर्दीकडे वळून विचारलं, "आता बेड्या कुणाला घालू? तात्यास्नी?"

हसू हळूहळू थांबलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना ते कळलं होतं, आणि मी वीस मिनिटं भाषण करूनही कळलं नसतं. तात्यांनी मिशा झटकल्या. मग त्यांनीच त्या तरण्या गड्यांना दरडावून मागं सारलं.

पुन्हा मान्यांच्या घरी आलो. मी मानेवहिनींना विचारलं की सकाळपासून इथून काही उचललं का. त्या लाजल्या. पोलिस येणार म्हणून त्यांनी खिडकीमागची जागा झाडून घेतली होती आणि तिथं पडलेलं एक पोत्याचं तरट उकिरड्यावर टाकलं होतं. गज वाकवताना हाताला लागू नये म्हणून चोरानं ते गुंडाळलं असणार. तरट शोधून आणलं. त्यावर आता दोन वास होते, चोराचा आणि वहिनींचा. म्हणून वहिनींना रंभेच्या समोर उभं केलं. तिनं त्यांना हुंगलं, ही इथंच आहे असं तिला कळलं, आणि मग ती दुसऱ्या वासामागं निघाली. हे शिकवायला मला आठ महिने लागले होते. त्या दिवशी ते फळाला आलं, हे सांगताना आजही माझी छाती फुगते.

ती उसाच्या कडेनं गेली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन गोल गोल फिरू लागली. वास तिथं संपला. माणूस गाडीत बसला की कुत्र्याची विद्या संपते. तिथून पुढं फौजदारांनी काम केलं, आणि चांगलं केलं. पहिल्या गाडीच्या वाहकाला गाठलं. त्याला एक प्रवासी आठवत होता, पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हता, हातकणंगले स्टेशनला उतरला. वर्णन ऐकून मान्यांनी कपाळावर हात मारला. दोन महिन्यांपूर्वी एक दलाल पैंजणांचा माल बघायला येऊन गेला होता, मान्यांच्या घरी जेवला होता. पंधरवड्यात तो सापडला आणि बराचसा मालही परत आला.

मला आमच्या साहेबांनी बोलावून घेतलं. विहाराच्या कट्ट्यावरच्या भाषणाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. लोकांपुढं खात्याची चूक बोलून दाखवायची गरज काय होती, म्हणून त्यांनी मला चांगलं फैलावर घेतलं. मी ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, अहवालात काय लिहिणार? मी म्हटलं, साहेब, जे झालं ते. ते म्हणाले, मग लिहा. "वस्तू निवडण्यात हस्तकाची चूक झाली" असं वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं. हस्तक म्हणजे कुत्रं हाताळणारा, म्हणजे मीच. अक्षर जरा वाकडं आलं होतं.

माल सापडल्यावर मी एकदा साध्या कपड्यांत त्या गावी गेलो. या वेळी उशीर करायचा नव्हता. भीमरावच्या दारात उभं राहून मी त्याची माफी मागितली. तो संकोचला, बसा म्हणाला. त्यानं मान्यांकडे जाणं बंद केलं होतं. माने दोनदा येऊन गेले होते, पण भीमरावचं म्हणणं एवढंच होतं की जिथं मला चोर म्हटलं तिथं येऊन म्हणा. पुढच्या आठवड्यात माने खरोखरच कट्ट्यावर आले आणि चार लोकांसमोर चुकलं म्हणाले. भीमराव पुन्हा कामाला गेला, आणि दोन-तीन वर्षांनी त्यानं घरातच स्वतःची भट्टी घातली.

त्या दिवशी निघताना त्याची आई मला वाटेपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "बाबा, त्ये मुकं जनावर हाय. त्येला काय म्हणायचं हाय त्ये तुमीच सांगतासा. तवा नीट सांगत जावा."

मी व्हय म्हटलं. नोकरीत एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

रंभा पुढं निवृत्त झाली आणि म्हातारी होऊन माझ्याच दारात गेली. तिच्या जागी राजा आला. तो तिच्या निम्म्यानंही हुशार नव्हता, पण स्वभावानं मोठा गोड होता. दोन हजार सालानंतर एकदा त्याच गावातून फोन आला. दूध संस्थेतलं दुधाची फॅट तपासायचं यंत्र चोरीला गेलं होतं. फोन घेणारा आमचा माणूस हसत हसत मला सांगायला आला. पलीकडून निरोप होता, "कुत्रं कुठलंबी पाठवा, हवालदार मातुर त्योच पाठवा, आपली चूक सांगणारा."

गेलो. बघतो तर संस्थेच्या दाराला कडी, दारासमोर खुर्ची आणि खुर्चीत काठी घेऊन दिनकरतात्या. वय झालं होतं, गळा तसाच होता. पहाटेपासून त्यांनी कुणाला आत सोडलं नव्हतं. चेअरमनना सोडलं नव्हतं, झाडणारीला घरी पाठवलं होतं, आणि फौजदारांनाही थांबा म्हणून सांगितलं होतं. विजेच्या खांबापासून नळापर्यंत दोरी बांधली होती. अंगणातल्या एका पावलाच्या ठशावर घमेलं पालथं घालून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ, म्हणजे इतकी न झाडलेली जागा मला पहिल्यांदाच मिळत होती. मला हसू आलं.

राजानं त्या ठशाचा वास घेतला. बांधावरून, केळीच्या बागेतून तो ओढ्यापर्यंत गेला. पलीकडच्या काठावर मी त्याला अर्धा तास फिरवला, खाली नेला, वर नेला. शेवटी तो बसला आणि माझ्याकडे बघू लागला. चोर पाण्यातून लांब चालत गेला होता. मागं सगळं गाव उभं होतं.

मी सांगितलं, इथून पुढं ह्याला वास लागत नाही, आणि मलाही काही सांगता येत नाही.

मागं एकजण कुरकुरला, की एवढं लांबून आणून उपयोग काय झाला? तात्या काठी टेकत वळले.

"न्हाय म्हणत्यात म्हंजे न्हाय. ओढ्यापत्तोर आला एवढं तर कळलं? आता ज्येनं काय बघितलं आसंल त्येनं फौजदारास्नी सांगा."

पूर्वी त्या गावात जबाब द्यायला माणूस मिळायचा नाही. कोर्टाची कटकट कशाला आणि पोलिसांचं काय खरं, म्हणून जो तो शेताकडे जायचा. त्या दिवशी संस्थेच्या व्हरांड्यात फौजदार टेबल टाकून बसले आणि समोर रांग लागली. ओढ्यावर कपडे धुणारी बाई, पहाटे वैरणीला गेलेला म्हातारा, भीमरावची सून. त्या बाईच्या सांगण्यावरूनच चार दिवसांनी यंत्र सापडलं.

राजा पायरीवर पाय पसरून झोपला होता. रांगेतली माणसं त्याला न उठवता, त्याच्यावरून पाय टाकून टेबलापाशी जात होती.